दादाच्या पायाखालची हिरवळ

गल्लीत त्यांना सगळे इस्त्रीकाका म्हणतात, पण इस्त्रीचं दुकान त्यांनी कधी चालवलं नाही. एका मोठ्या दवाखान्याच्या लाँड्रीत ते निवृत्त होईपर्यंत कामाला होते. गरम रोलरमधून बाहेर येणाऱ्या पांढऱ्या चादरीची दोन टोकं धरायची आणि घडी घालायची, हे त्यांचं काम. दुसरी दोन टोकं समोरची बाई धरायची. घडी घालताना दोघं जवळ यायची, टोकं जुळवायची, पुन्हा लांब जायची. असं कित्येक वर्षं जवळ-लांब करून झाल्यावर त्या समोरच्या बाईशीच त्यांचं लग्न झालं. मूलबाळ झालं नाही. काकू गेल्यापासून काका चादर पलंगावर पसरून, इकडून तिकडे फिरत, एकटेच घडी घालतात. तरीही कडा कडेवर बसलेली असते.

घर गावाच्या टोकाला. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे हिरवळीचा एक तुकडा. तिला हिरवळ म्हणायचं ते आपलं रंगावरून. तिथे एक जुनं झाड होतं, ते वादळात पडलं. बुंधा उपटून काढला तेव्हा मधोमध खड्डा राहिला. पुढे सांडपाण्याच्या पाइपासाठी चर खणला गेला. तो बुजवला, पण माती बसत गेली आणि आडवी खाच तयार झाली. कुंपणाजवळ मुंग्यांनी आणि मुळांनी मिळून टेंगळं आणली होती. काकू कपडे वाळत घालायला जायच्या आणि परत येऊन म्हणायच्या, बोटीतून उतरल्यासारखं वाटतंय.

काकांना एकच सख्खा भाऊ, थोरला. दादा. दादाने आयुष्यभर ट्रक चालवला. मग काचबिंदूने आधी एक डोळा नेला, मग दुसरा. बायको आधीच गेली होती. तो मुलाकडे, दुसऱ्या गावात राहायला लागला. थंडी ओसरली की मुलगा त्याला काही दिवस काकांकडे आणून सोडायचा. दोघं भाऊ बोलण्यात भारी कंजूष. हिरवळीच्या पलीकडच्या टोकाला, भिंतीला लागून एक बाक आहे. तिथे दोघं ऊन खात बसायचे. एक म्हणायचा, वारा सुटला. दुसरा म्हणायचा, हं. एवढ्यावर अख्खी दुपार निघायची, आणि दोघांनाही ती बरी गेल्यासारखी वाटायची.

एका वर्षी दादा म्हणाला, हात धरू नकोस, बाकापर्यंत माझा मी जातो. काठी घेऊन निघाला. काका स्वयंपाकघरात चहा करत होते. खिडकी हिरवळीकडेच उघडते. कपात साखर ढवळता ढवळता त्यांनी वर पाहिलं, आणि त्याच वेळी दादाचा पाय खड्ड्यात गेला. तो गुडघ्यावर पडला, मग हातावर. काठी लांब उडाली. तो तसाच ओणवा राहिला आणि त्याने मान इकडून तिकडे फिरवली. पडलेला माणूस कोणी पाहिलं तर नाही ना, हे जसं बघतो तशी. त्याला दिसत काही नव्हतं, तरी फिरवली.

काकांच्या हातातला चमचा थांबला. पाऊल दाराकडे वळलंही. पण त्या मान फिरवण्याने त्यांना धरून ठेवलं. दादा चाचपडत काठीशी पोचला, उठला, गुडघे झटकले आणि बाकावर जाऊन बसला. काका पुन्हा साखर ढवळायला लागले. चहा घेऊन बाहेर गेले तेव्हा दादाच्या तळव्याला माती होती. काकांनी विचारलं नाही, दादाने सांगितलं नाही. दोघांनी चहा प्यायला.

पुढच्या वर्षी दादा आला नाही. गुडघा दुखतोय म्हणाला. त्याच्या पुढच्या वर्षी नातीची परीक्षा होती. मग घराला रंग द्यायचा होता. फोनवर पुतण्या बोलायचा, मागून दादाचा आवाज यायचा, सांग त्याला, पुढच्या खेपेस बघू.

काकांनी मनाशी ठरवून टाकलं की हे त्या खड्ड्याचं काम आहे. एवढा ट्रक चालवलेला माणूस, आणि धाकट्या भावाच्या दारात तोंडघशी पडला. कोण येईल पुन्हा? फोनवर सरळ म्हणता आलं असतं, दादा, ये रे, करमत नाही. पण जीभ रेटेना. त्यापेक्षा जमीन सपाट करणं त्यांना सोपं वाटलं.

त्यांनी वाळू मागवली. ट्रॉलीवाल्याने ती फाटकाच्या आत ओतली आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी काका बघतात तर गल्लीतल्या तमाम मांजरांनी त्या ढिगाचं सार्वजनिक शौचालय केलेलं. काकांनी दवाखान्यातून निवृत्त होताना मिळालेली जुनी चादर आणून ढिगावर अंथरली, चारही बाजूंना विटा ठेवल्या आणि कडा सरळ आहेत की नाहीत तेही पाहिलं. शेजारचा ड्रायव्हर कुंपणावरून म्हणाला, काका, आता वाळूलाही इस्त्री करणार वाटतं.

काकांनी घाई केली. गवत कापलं, घमेली भरभरून वाळू टाकली, फळी ओढून सगळं एकसारखं केलं. संध्याकाळी पाहिलं तर अंगण पिवळंधम्मक आणि चादरीसारखं सपाट. त्या रात्री त्यांना छान झोप लागली. पण गवत काही वर येईना. जिथे वाळू जाड पडली होती तिथे बोटाने उकरून पाहिलं, तर खाली पाती पांढरी पडून कुजत चाललेली. दोन पाऊस झाले आणि वाळू वाहून कुंपणाशी गोळा झाली. खड्डा होता तिथेच होता.

मग ते रस्त्यापलीकडच्या रोपवाटिकेत गेले. ती चालवणाऱ्या बाई तोंडाने फटकळ, पण ऐकून घेणाऱ्या. काकांनी दादाचा विषय काढला नाही; एवढंच सांगितलं, खड्ड्यात पाणी मुरत नाही, साचून राहतं, म्हणून वाळू घातली. बाई हसायला लागल्या. सगळ्यांची भांडणं पाणी कुठेतरी मुरतंय म्हणून होतात, मुरत नाही म्हणून आलेले तुम्ही पहिलेच. मग त्यांनी सगळं नीट समजावलं. वाळू धुतलेली, जाडसर घ्यायची, तिच्यात चाळलेली माती आणि शेणखत मिसळायचं. मोठा खड्डा वरून भरायचाच नाही. गवताची चकती मुळांसकट कापून उचलायची, खाली भरायचं, पायाने दाबायचं आणि चकती परत बसवायची. टेंगूळ असेल तिथे उलटं, खालची माती काढून घ्यायची. बाकी ठिकाणी वाळूचा हलका थर.

"हलका म्हणजे किती?" काकांनी विचारलं.

"तोंडाला पावडर लावतात तेवढा. पात्यांची टोकं वर दिसली पाहिजेत. आणि थांबायचं, काका. गवत वर आलं की पुन्हा थोडी. घाई करून जमिनीला काही सांगता येत नाही."

आधीची वाळू खराट्याने ओढून काढण्यातच काकांच्या नाकी नऊ आले. मग त्यांनी खुंट्या ठोकल्या, दोऱ्या ताणल्या. दोरी जिथे जमिनीपासून उंच राहिली तिथे भर, जिथे टेकली तिथे काढ. खड्ड्यावरची चकती उचलताना कुजलेलं एक मूळ हाताला लागलं, लांबलचक, अजून ओलं. ते त्यांनी कुंपणापलीकडे टाकलं. चर होता तिथे माती पुन्हा पुन्हा बसत होती, म्हणून तिथे दर वेळी थोडी जास्त. खराट्याच्या पाठीने वाळू पात्यांमध्ये सारायची, झारीने पाणी घालायचं आणि वाट बघायची.

वाट बघणं हेच त्यातलं अवघड काम निघालं. काम चालू असताना दिवस कसा जाई कळत नसे. थर देऊन झाला, पाणी घालून झालं, की हातात काही उरत नसे. घरात रेडिओ लावला तर आवाज जास्त होई, बंद केला तर त्याहून जास्त होई. काका बाकावर बसून गवत वाढताना बघत. कधीकधी मोठ्याने म्हणत, वारा सुटला. आणि मग आपल्याच आवाजाने दचकून आत जात.

त्या वर्षी फोनवर त्यांनी हिरवळीबद्दल चकार शब्द काढला नाही. पूर्ण झाली की सांगू. पुढच्या पावसाळ्यात पाणी कुठेच साचलं नाही. गवत दाट आलं. काका अनवाणी, डोळे मिटून, दारापासून बाकापर्यंत चालून बघत. एकदाही पाय अडखळला नाही. आता सांगायला हरकत नाही, असं ठरवून ते फोनपाशी जात आणि परत फिरत.

शेवटी फोन आला तो तिकडूनच. पुतण्या म्हणाला, काका, माझी बदली झाली, फार लांब. सगळेच जातोय, बाबाही. सामान हलवेपर्यंत बाबा म्हणतायत, थोडे दिवस तुमच्याकडे सोड. चालेल ना?

काका म्हणाले, चालेल. फोन ठेवल्यावर त्यांनी दादासाठीच्या पलंगावरची धुतलेली चादर काढली आणि पुन्हा धुतली.

दादा आला. वाळला होता. गालफडं आत गेली होती, पण आवाज तोच, इंजिनावर मात करून बोलायची सवय असलेला. पुतण्या चहा घेऊन लगेच परत गेला. दुपारी दादा मागच्या दारात उभा राहिला, चपला काढल्या आणि म्हणाला, बाकाकडे जाऊ. काका त्याच्या बाजूने चालले. हात धरला नाही.

दादा तरातरा निघाला. मग सावकाश झाला. हिरवळीच्या मधोमध थांबला. काठीने पुढे चाचपलं, मागे चाचपलं. पायाच्या बोटांनी गवत कुरवाळल्यासारखं केलं. त्याच्या चेहऱ्यावर ट्रकवाल्याची, रस्ता चुकल्याची काळजी आली.

"खड्डा कुठे गेला?"

"भरला. सगळं सपाट केलंय. वाळू घालून."

"कशाला?"

"तू पडला होतास," काका म्हणाले.

दादाने सांगितलं की ट्रक चालवताना रात्रीचा रस्ता त्याला डोळ्यांपेक्षा बुडाला जास्त कळायचा. कुठला पूल, कुठला फाटा, सगळं गचक्यांवरून. इथलंही तसंच पाठ झालं होतं. खाच लागली की अर्धं आलं, खड्ड्याची कड लागली की डावीकडे बाक. त्या दिवशी पडला तो घाई केली म्हणून. एरवी खड्डा हा त्याचा मैलाचा दगड होता.

"आता मी कुठे उभा आहे तेच कळेना," तो म्हणाला. त्यात तक्रार नव्हती, नुसतं सांगितल्यासारखं.

काकांनी पायाखालच्या गवताकडे पाहिलं. एवढी घमेली, एवढे थर, दोन पावसाळे. ते म्हणाले, "मला वाटलं, त्या खड्ड्यामुळे तू येत नाहीस."

"खड्ड्यामुळे नव्हे." दादाने काठी दोन्ही हातांत धरली. "तुझा चमचा थांबला होता."

काकांना आधी कळलं नाही.

"चहा ढवळत होतास. मी पडलो आणि चमचा थांबला. म्हणजे तू पाहिलंस. म्हटलं, आता येशील. मग चमचा परत वाजायला लागला." त्याने काठीची मूठ चोळली. "मला वाटलं, कंटाळला असेल. आंधळा भाऊ दर वर्षी उरावर. कोणाला नको होणार नाही?"

काका म्हणाले, "तू मान फिरवून बघितलंस, कोणी बघतंय का ते. मला वाटलं, मी बघितलेलं तुला आवडणार नाही."

"नाहीच आवडलं असतं," दादा म्हणाला. मग काठी जमिनीवर टेकवत, "तरी यायचं होतंस."

काकांनी त्याचं कोपर धरलं. दादाने सोडवून घेतलं नाही. दोघं बाकावर जाऊन बसले. त्या दिवशी काहीतरी खूप बोलणं होईल असं काकांना वाटलं होतं, पण झालं नाही. सवयच नव्हती. मात्र पुढचे दिवस रोज दुपारी काका मागच्या दाराशी कोपर पुढे करून उभे राहत आणि दादा न बोलता ते धरी. सपाट गवतावरून दोघं एका चालीत बाकाकडे जात. एकदा दादा म्हणाला, गवत मात्र मऊ झालंय. काका एवढ्याने दिवसभर खूश होते.

मग पुतण्या गाडी घेऊन आला. निघताना दादाने काकांच्या पाठीवर हात ठेवला, नेहमीपेक्षा जास्त वेळ. काका म्हणाले, "दादा, येत जा." पहिल्यांदाच म्हणाले, आणि आता ते गाव इतकं लांब होतं की म्हणूनही उपयोग नव्हता. दादा म्हणाला, बघू.

आता दर रविवारी काका स्वतः फोन करतात. दादाचं नवं घर बरंच वर आहे, लिफ्टने जावं लागतं, खाली जमीन नाहीच. बोलणं लवकर संपतं, पण दोघंही फोन ठेवत नाहीत. तिकडे टीव्हीचा आवाज येत असतो, कोणीतरी भांडी लावत असतं, मधेच दादा खाकरतो. काका ऐकत बसतात. पुतण्या येऊन म्हणतो, बाबा, फोन चालूच आहे, तेव्हा कुठे बंद होतो.

मागच्या महिन्यात काकांनी विचारलं, "मी येऊ का तिकडे, थोडे दिवस?"

दादा खाकरला. मग म्हणाला, "घर लहान आहे. नात अभ्यासाला बसते ती खोली. पोराला विचारून सांगतो."

त्याने अजून सांगितलेलं नाही. काकांनीही पुन्हा विचारलेलं नाही. गवत वाढतं, ते कापतात. माळ्यावरची प्रवासाची बॅग मात्र त्यांनी खाली काढली. तिची चेन अडकत होती, ती दुरुस्त करून आणली, आणि बॅग पलंगाच्या पायथ्याशी, भिंतीला टेकवून ठेवली आहे.