ब्रेकवरचा पाय

मी पहिल्यापासून फाटक्या तोंडाची. मनात आलं की बाहेर गेलंच. आमच्या ह्यांचं नेमकं उलटं. पोटात ठेवतील, कुजवतील, पण ओठावर येऊ द्यायचे नाहीत. त्या उन्हाळ्यात दोन महिने हा माणूस माझ्या शेजारी बसून जेवत होता आणि त्याच्या मनात काय चाललंय ह्याचा मला पत्ता लागला नाही. त्याचा राग मला अजून येतो.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. आम्ही सोलापुरात भवानी पेठेत राहत होतो आणि हे एका डॉक्टरीणबाईंच्या मोटारीवर ड्रायव्हर होते. बाई बाळंतपणं करायच्या. आठवड्यातून एक दिवस वैराग, एक दिवस मैंदर्गी. दवाखान्याची गल्ली अरुंद, म्हणून गाडी आमच्या दारातच, उजवी बाजू भिंतीकडं करून उभी असायची. काळी, जाडजूड मोटार. बाईंना स्वतःला चालवता येत नव्हती आणि हे दुसऱ्या कुणाला तिच्या जवळ फिरकू देत नव्हते.

एक दिवस हे मैंदर्गीहून आले, ताटावर बसले, भाकरी मोडली आणि तसेच उठले.

मी म्हटलं, "काय झालं? आमटी खारट हाय का?"

तर म्हणाले, "गुरुवारी बाईंना किल्ली देऊन टाकतो. दुसरा माणूस बघा म्हणतो."

मी पळी खाली ठेवली. मग हळूहळू, ओढून ओढून काढल्यावर कळलं. दोन महिन्यांपासून ब्रेकवर पाय ठेवला की पाय कापत होता. आधी जरासा, मग लईच. स्टेअरिंगवरचे हातही थरथरायचे. त्या दिवशी एका अडलेल्या बाईला गाडीत घालून सोलापूरला आणत होते. वाटेत म्हशी आडव्या आल्या, ह्यांनी ब्रेक दाबला, आणि अशी काही थरथर झाली की मागची बाई कळवळून ओरडली. डॉक्टरीणबाई फक्त एवढंच म्हणाल्या, "आज तुम्हाला बरं नाही का?"

"वडलांचं असंच सुरू झालं हुतं," हे म्हणाले.

माझे सासरे शेवटी कंपवातानं गेले. भाकरीचा तुकडा तोंडापर्यंत न्यायला त्यांना दोन हात लागायचे. मी केलंय त्यांचं, मला माहीत आहे. आणि ड्रायव्हरचा पाय गेला म्हणजे राहिलं काय? ह्यांना दुसरं काही येत नव्हतं, आणि दुसरं काही आवडतही नव्हतं.

मी म्हटलं, "आन् गाडी बिघडली असंल तर?"

"गाडीला काय झालं न्हाय."

"कुणाला दाखवली?"

हे हात धुवायला मोरीकडं वळले. तेव्हा मला कळलं. हे गाडी मुद्दामच कुणाला दाखवत नव्हते. दुसऱ्या कुणी ब्रेक दाबला आणि त्याचा पाय नाही कापला, तर मग संपलंच की! अंगठा दुखतोय म्हणून पायच झाकून ठेवायचा, असला हा शहाणपणा.

मंगळवारी सकाळी मी पदर खोचला आणि थेट मिस्त्रींच्या गॅरेजवर गेले. मिस्त्री पन्नाशीचे, काटकुळे. त्यांच्या घरात तेलुगू बोलत, घरातली सगळी माणसं कापडाच्या मागावर, आणि मिस्त्री एकटेच मोटारींच्या खाली. आमच्या भागात म्हणायचे, ह्या माणसाला घाई करायला सांगा, तो आणखी सावकाश करतो.

"मिस्त्री, आत्ताच्या आत्ता घरी चला."

"गाडी बंद पडली काय, अक्का?"

"गाडी न्हाय, माणूस बंद पडलाय."

मी वाटेत सगळं सांगितलं. त्यांनी एका शब्दानं मधे तोंड घातलं नाही. दारात पोचलो तर हे गाडीपुढं आडवे उभे. "हिला हात लावायचं कारण न्हाय," म्हणाले.

"मग तुमच्या पायाला लावतील! मिस्त्री हायत, कुटं बी लावतील हात!" मी ओरडलेच. शेजारपाजारच्या खिडक्या उघडल्या. उघडू देत.

मिस्त्री हसले नाहीत. हात पुढं करून म्हणाले, "किल्ली द्या. तुमी शेजारी बसा. अक्का, तुमी मागं."

अक्कलकोट रस्त्याला लागलो. गावाबाहेर रस्ता मोकळा झाल्यावर मिस्त्रींनी वेग घेतला. ह्यांची मान मला मागून दिसत होती, घामानं भिजलेली. मी मनातल्या मनात गावच्या सिद्धरामाला हाका मारत होते. आणि मिस्त्रींनी ब्रेकवर पाय ठेवला.

थड थड थड थड! दारं वाजली, काचा वाजल्या, माझे दात वाजले.

"बघा," मिस्त्री म्हणाले, "कापला माझा बी पाय. मला बी कंपवात झाला काय?"

हे खिडकीकडं तोंड करून बसले. मग म्हणाले, "मिस्त्री, आनिक एकदा दाबा."

मिस्त्रींनी दाबला. "आनिक एकदा." पुन्हा दाबला. अशी ती गाडी त्या दिवशी रस्त्यावर पाच वेळा थडथडली, आणि दर वेळी ह्यांचा चेहरा थोडाथोडा उजळत गेला. वेडा माणूस! मोडकी गाडी बघून इतका आनंद झालेला माणूस मी दुसरा बघितला नाही.

पण मिस्त्रींचं काम आता सुरू झालं होतं. गाडी हळू चालू ठेवून त्यांनी हँडब्रेक थोडा थोडा ओढला. गाडी निमूट थांबली. "हँडब्रेक मागच्या चाकांना असतो," मला समजावलं, "मागं काय न्हाय. रोग पुढं हाय." गॅरेजवर पुढचं डावं चाक जॅकवर उचललं. नट आवळून बघितले. चाक वरखाली धरून हलवलं. बेअरिंगमध्ये ढिलाई नव्हती. मग ब्रेक जरासा आवळला आणि चाक हातानं सावकाश फिरवलं. खर्र, मग गप्प. खर्र, मग गप्प. उजवं चाक फिरवलं तर ते सगळीकडं सारखंच घासत होतं. लहानपणापासून मागाचा ठोका ऐकलेला माणूस, डोळे मिटून ऐकत होता.

चाक काढलं, आतला ड्रम काढला. ड्रम म्हणजे लोखंडी, खोलगट परातीसारखा असतो, ब्रेक त्याला आतून घासतो. मिस्त्रींनी आतल्या बाजूला खडू फासला, ड्रम परत बसवून फिरवला, परत काढला. दोनच जागी खडू पुसला होता, समोरासमोर. बाकी पांढरंच.

"वाकडा झालाय," ते म्हणाले. "गोल राहिला न्हाय."

आम्ही खूश. मिस्त्री मात्र ड्रम उन्हात धरून बाहेरून बघत राहिले. नखानं काहीतरी खरवडलं. उजव्या चाकाचा ड्रमही काढून शेजारी ठेवला. डाव्यावर पांढरे ओघळ होते, आडाच्या मचूळ पाण्याचे पडतात तसे. उजवा कोरडा, नुसता धुळीचा.

"अक्का, गाडी गावावरनं आली की घरी पहिलं काय होतं?"

मी अभिमानानं सांगितलं! आमच्या माहेरी लांबून आलेल्याच्या पायावर पाणी घातल्याशिवाय उंबरा ओलांडू देत नाहीत. माणूस असो, बैल असो. मग गाडीनं काय घोडं मारलं? ती तर माझ्या नवऱ्याला सुखरूप घरी आणते. म्हणून उन्हाळा लागल्यापासून गाडी थांबली की मी दोन तांबे गार पाणी तिच्या पुढच्या चाकावर घालायची. उजवीकडं भिंत, म्हणून डाव्या चाकावर.

बोलता बोलता माझं मलाच उमगलं.

"ब्रेक घासून ड्रम तव्यागत तापतो. तापलेल्या तव्यावर पाणी घातलं की तवा वाकडा होतो, अक्का," मिस्त्री अगदी हळू म्हणाले. हे तेवढ्यात पलीकडं चहा सांगायला गेले होते. त्यांनी ऐकलं नाही.

मिस्त्रींनी पुढचे दोन्ही ड्रम लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावर नेऊन, आतून एकेक पापुद्रा काढून पुन्हा गोल करून आणले. दोन्ही का, तर एकच केला असता तर गाडी एका अंगाला ओढली असती. बुधवारी डॉक्टरीणबाई स्वतः गॅरेजवर आल्या आणि कशामुळं झालं हे विचारलं. मी खाली बघत उभी. मिस्त्री म्हणाले, "उन्हाळा, बाई. लोखंड तापतं." पुढं बाईंना ठणकावून सांगितलं, "ड्रायव्हर बदलू नका. वाकड्या ड्रमवर दोन महिने गाडी आणली, कुटं घासली न्हाय, आपटली न्हाय. असला पाय मिळायचा न्हाय तुमाला."

मी आयुष्यात वैद्य बघितले, डॉक्टर बघितले. पण तुझ्यात काहीही बिघडलेलं नाही, हे इतक्या धीरानं शोधून काढून माणसाच्या पदरात घालणारा मी तो एकच बघितला. आणि शोधताना दुसरं माणूस त्यांनी उघडं पाडलं नाही. ह्याला मी विद्या म्हणते.

गुरुवारी हे वैरागला जाऊन आले. गाडी दारात पाण्यावरच्या नावेसारखी येऊन टेकली. मिस्त्रींनी झाकलं होतं, मीही झाकू शकले असते. पण दोन महिने ह्यांनी रोज स्वतःच्या पायाला शिव्या घातल्या होत्या, आणि करणारी मी. मला राहवेना. तिथंच, गाडीच्या दाराशी, सगळं भडाभडा सांगून टाकलं. म्हटलं, आता काय बोलायचं ते बोला, मी ऐकून घेते.

हे बोनेटवर हात ठेवून उभे होते. मग म्हणाले, "तुझ्यामुळं झालं हे लई बरं झालं बघ."

"काय म्हणता?"

"माझ्यामुळं असतं तर मिस्त्रींकडं त्याला औषध न्हवतं."