धुऱ्यावरची प्रार्थना

आईचा फोन आला. शांतानं चर्चला जाणं सोडलंय, पाळकांवर रुसलीये, जरा जाऊन ये. शांता म्हणजे माझी मावशी. पिंपळगाव राजा या गावाजवळ तिची कपाशी आहे. मला वऱ्हाड बघायचंच होतं, शिवाय दुसऱ्यांची भांडणं मिटवायची हौस दांडगी. निघाले.

पुण्याहून जाणार असाल तर जलंबला उतरा. तिथून खामगावला छोटी गाडी जाते, तिची वेळ आधी विचारून ठेवा. मी विचारली नव्हती, दोन तास बाकावर काढले. खामगावात गरम कचोरी खाल्ली आणि काळीपिवळीत बसले. ती भरल्याशिवाय हलत नाही, पण भाडं दोन कचोऱ्यांएवढंच.

मावशीनं चहाआधी गाऱ्हाणं वाढलं. कपाशी फुलावर आली की पाळकांनी प्रत्येकाच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, येऊन प्रार्थना करायची, ही त्यांच्या मंडळीची रीत. गेल्या वर्षीही केली. बियाणं बीटीचं, म्हणजे अळीला दाद न देणारं, वर प्रार्थना, मग अळी शोधायची कशाला? कुणी फूल उघडून बघितलंच नाही. बोंडं फुटली तेव्हा आत गुलाबी अळ्या. यंदा पाळक म्हणाले, आधी फुलं तपासा, मग मला बोलवा. मावशीच्या जिव्हारी लागलं ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाळक न बोलावताच आले आणि थेट तासात, कपाशीच्या ओळीत, वाकले. मावशी धुऱ्यावरूनच म्हणाली, "तपासाले कृषी सहायक हाय. तुमी कशाले आहा मंग?"

"मांगच्या साली मी डोळे मिटले, शांताबाई, तं साऱ्याइनं मिटले," ते म्हणाले.

मला दोघांचंही पटलं, तिथेच माझी मध्यस्थी संपली.

तेवढ्यात पाळकांना एक डोमकळी सापडली, पाकळ्या न उमललेलं फूल. आत अळी. मावशीचा चेहराच उतरला. "म्हंजे आता प्रार्थना नाई?" तिनं इतक्या बारीक आवाजात विचारलं की मला रडू आलं.

पाळक धुऱ्यावर आले. आम्ही माना खाली घातल्या. मी चोरून बघितलं. मावशीचे डोळे घट्ट मिटलेले. पाळकांचे उघडे. ओठांवर प्रार्थना आणि हात शेजारच्या झाडाची फुलं उघडतोय. त्यांनी मला बघितलं, तरी थांबले नाहीत.

दुपारी भाकर-ठेचा खाऊन मावशीनं फवारणीचा पंप काढला. "प्रार्थना झाली नं, आता फवारतो," म्हणाली. रविवारी चर्चलाही जाणार होती. कशामुळे मिटलं, मला अजून सांगता येणार नाही.

घरी परतल्यावर आईनं फोनवर विचारलं, मनापासून केली ना त्यांनी प्रार्थना? मी हो म्हटलं, डोळ्यांचं बोलले नाही. आता आमच्या चर्चमध्ये पाळक प्रार्थना करतात तेव्हा मी एक डोळा उघडून बघते. त्यांचे मिटलेले असतात. पूर्वी मला त्यानं बरं वाटलं असतं.