मारुतीचा घेर

देवाची भक्ती करणारे पुष्कळ असतात. पण देवाची वाढ नीट होते आहे ना, याची काळजी वाहणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते म्हणजे आमच्या मंडळींचे हळ्ळीखेडचे मामा. "देव अजून पुरा झाला न्हाई, जावईबापू," असं ते मला पहिल्याच भेटीत म्हणाले, "व्हायलाय." आणि पुरावा म्हणून गाठी मारलेली सुतळी काढून त्यांनी वेशीतल्या मारुतीभोवती गुंडाळली. दरवर्षी गाव मारुतीला तेलात कालवलेला शेंदूर लावायचं, थरावर थर चढायचा, आणि मामा घेर मोजून सुतळीला नवी गाठ मारायचे. मी मोजणी खात्यातला माणूस. सुतळी ताणली जाते, म्हणून मी फीत आणली. तीन वर्षांत घेर सव्वा इंच वाढलेला निघाला. मामांनी तो सव्वा इंच भेटेल त्याला थांबवून सांगितला. मराठीत, कानडीत, आणि तहसिलीतल्या पेशकाराला उर्दूत.

निजामी संपवणाऱ्या पोलीस ॲक्शननंतर चौथ्या वर्षी गावच्या पाटलांनी ठरवलं, की शेंदराचं कवच काढून मूळ मूर्ती मोकळी करायची. मामा मारुतीला मिठी मारून बसले. बंडी, धोतर, मिशा, सगळं शेंदरी.

"मामा, कामून आडवं यायलाव? खरा देव आत हाय," पाटील म्हणाले.

"आतला नुस्ता जन्मलाय, अण्णा. त्यानं पुढं काय बघितलं, ते वर हाय."

"तेच पुसायचं हाय. वाईट सालं होती."

पाटलांनी छिन्नी मारली. खांद्याचा टवका पडला. मी सवयीनं वाकून थर मोजू लागलो. लाल, लाल, आणि मध्येच एक पिवळी रेघ.

"मामा, हे काय?"

मामा पहिल्यांदाच हळू बोलले. "गाव भिऊन पळालं, त्या सालचं. शेंदूर न्हाई. तुमची मामी मागं राहिली. हळद कालवून तिनंच लावली."

मामी त्याच साली गेल्या होत्या. पळालेल्यांत पाटीलही होते. त्यांनी छिन्नी खाली ठेवली, शेंदूर मागवला आणि टवका स्वतःच्या हातानं परत बसवला.

मामा गेल्यावर सुतळी माझ्याकडे आली. फीत खिशात असते, पण मी आधी सुतळीच गुंडाळतो. यंदा तिची टोकं एकमेकांना भेटली नाहीत. मध्ये बोटभर देव मोकळा राहिला.