नॉर्मल रिपोर्ट

कपाट आवरताना माझ्या मेंदूच्या एमआरआयची फिल्म हाती लागली आणि तारनाक्यातल्या त्या दवाखान्यातला फिनाईलचा वास आठवला. मला मुलांऐवजी मुली आवडतात, हे घरी सांगितल्यावर बाबांनी कुठेतरी वाचलं, की अशा माणसांचा मेंदूच वेगळा असतो. त्यांच्या हट्टापुढे मी तपासणी करून घेतली. डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "सब नॉर्मल है, सर. किसको कौन पसंद है, वो इसमें नै दिखता." बाबा बाहेर येऊन खिडकीच्या उजेडात फिल्म धरून कितीतरी वेळ बघत राहिले. मग मलाच म्हणाले, "आता इलाज तरी कशाचा करायचा?" मी त्यांच्या हातातली फिल्म घेऊन पाकिटात घातली. आजही फोनवर ते सगळ्यात आधी विचारतात, "आता बरं वाटतं ना गं तुला?" आणि मी हो म्हणते.