मामांचं तीन महिन्यांचं कुलूप

आमच्या हिच्या मामांइतका संशयी माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात नसेल. आणि संशय कशाचा, तर फक्त वेबसाइटचा. स्वतःच्या घराचं दार सताड उघडं टाकून भाजीला जातील, पण कुणाच्या साइटच्या पत्त्याशेजारी ते इवलंसं कुलूप, म्हणजे साइट सुरक्षित असल्याच्या सर्टिफिकेटची खूण, दिसलं नाही की यांची झोप उडाली. हिच्या मावसबहिणीला चांगलं स्थळ सांगून आलं, तर यांनी आधी मुलाच्या दुकानाची साइट उघडली आणि "सर्टिफिकेट नाही, मुलगी द्यायची नाही!" म्हणून हटून बसले. शेवटी स्वतःच जाऊन त्याला फुकटचं सर्टिफिकेट लावून दिलं, तेव्हा कुठे साखरपुडा झाला.

आमचा पिंपळगावला मनुक्यांचा धंदा, आणि साइट अर्थातच मामांच्या ताब्यात. सर्टिफिकेट विकत घेऊ म्हटलं की भडकायचे, "फुकट मिळतंय ना? मग!" फुकटाची मुदत तीन महिने. ती संपली की गिऱ्हाइकाला मनुक्यांऐवजी 'ही साइट सुरक्षित नाही' अशी पाटी दिसणार. म्हणून त्याआधी मामा नाशिकच्या सिडकोतून स्कूटरवर हजर! सर्व्हर कुठल्या कुठे परदेशात, काम घरबसल्या होण्यासारखं; पण नाही, लॅपटॉप आमच्याच टेबलावर मांडायचा. आधी हातपाय धुणार. काळ्या पडद्यावर कमांड लिहिताना घरात मिक्सरसुद्धा लावायची चोरी. "झालं!" म्हणाले की चहा, मग थालीपीठ, मग मामींच्या गोष्टी. मामी गेल्यापासून ते एकटेच राहत होते.

एकदा मी कुठेतरी वाचलं आणि मुद्दाम खोडी काढली, "मामा, हे आपोआप रिन्यू होतं म्हणे. सर्व्हरला एकदा सांगून ठेवायचं, बस्स."

मामा थालीपीठाला लोणी लावत म्हणाले, "होतं की. पहिल्या दिवसापासून माहीत आहे मला."

"मग?"

"मग मी यायचं कशाला, जावईबापू?"

ही सावरून घेत म्हणाली, "मशीनचा काय भरवसा, मामा! तुम्हीच येत जा."

गेल्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला आणि लेक त्यांना पुण्याला घेऊन गेली. जाण्याआधी रिक्षा करून आले, ते आपोआपचं काम लावून दिलं, आणि त्या दिवशी चहासुद्धा नको म्हणाले. तेव्हापासून साइट ठणठणीत आहे. फार आठवण येते हो त्यांची. ही अधूनमधून साइट उघडते, कुलूप जागच्या जागी बघते आणि म्हणते, "मेले, एकदा तरी बंद पड की!"