अध्यक्षांची खुर्ची

आमच्या बारामतीच्या फुटबॉल क्लबचं मैदान चुन्याच्या फक्कीनं आखणारे आबा बोलताना माणसाकडं बघत नाहीत, रेघेकडं बघतात. रविवारच्या मॅचला आता बघायला आम्ही दोघंच उरलोय. क्लब उभा करणारे अध्यक्ष गेले. त्यांनी पोरांना बूट दिले हे खरं, पण निम्मं मैदान दुकानांच्या गाळ्यांना दिलं हेही तितकंच खरं. आणि आता मैदानाला त्यांचंच नाव द्यायचं घाटतंय! त्याविरुद्धचं पत्रक घेऊन मी रविवारी मैदानावर आबांकडं सहीला गेलो.

"माझ्या पायात पयला बूट त्यांनीच घातला, पोरा. सही न्हाय व्हायची."

"मग गाळ्यांचं काय, आबा? ते कुणी बांधू दिले?"

अध्यक्षांची खुर्ची आबा अजूनही दर रविवारी पुसून मैदानाकडं तोंड करून मांडतात, तशी त्यांनी मांडली. मग खुर्ची उचलून त्यांनी तिचं तोंड गाळ्यांच्या शटरांकडं फिरवलं.

"बघू द्या त्यास्नी बी," म्हणाले, आणि मैदान आता जिथं संपतं तिथवर रेघ ओढत एकटेच गेले.