खंडेनवमीला पुजलेली स्कॉटिश तलवार

खंडेनवमीची बाकी तयारी आटोपून भिंतीवरची तलवार उतरवली, तिला खोबरेल लावलं आणि त्या वासासरशी केजमधलं आमचं कापडदुकान आठवलं.

ही दोन हातांनी पेलायची, माझ्या खांद्याएवढी शोभेची तलवार दादानं स्कॉटलंडहून आणली होती. आपण आता कायमचे तिकडेच राहणार, हे बाबांना सांगायला तो आला होता. बाबांनी ती दुकानातली खोबरेल लावलेली कात्री आणि कापड मोजायच्या गजाशेजारी पूजेत मांडली.

"बाबा, हिला धारच न्हाई. नुसती भिंतीवर लावायची," दादा हसला.

"घरात राहती ना? मग लई हाय," म्हणत बाबांनी मुठीला झेंडू बांधला.

जे सांगायला आला होता ते न सांगताच दादा परत गेला. तेव्हा वाटलं, बाबांना कशाचीच कल्पना नव्हती. आता वाटतं, त्यांना सगळं कळलं होतं. फक्त ते दादाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.